चिखल, वाळू आणि वाहने : चांद्याच्या मुलखातील एक जुना प्रश्न



गेल्या हिवाळ्यात माझी नातवंडे काश्मीरात गुलमर्गला जाऊन आली. परत आल्यावर त्यांनी मोठ्या नवलाने सांगितले की, तेथे बर्फावर चालणारी एक मोटारसायकल असते. तिच्या मागील बाजूस रबराचा फिरता पट्टा असतो आणि पुढे चाकाच्या जागी दोन पसरट पट्ट्या असतात, त्यांची टोके होडीच्या नाळेसारखी वर वळलेली असतात. ह्या पट्ट्यांना स्की म्हणतात. धाकट्या नातवाने विचारले, "आजोबा, पट्ट्या इतक्या रुंद कशाला? अरुंद केल्या असत्या तर गाडी आणखी जोरात नसती का गेली?"

मी चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या वनप्रदेशात सारी हयात काढलेला एक निवृत्त शाळामास्तर. बर्फ मी कधी पाहिलेला नाही. तथापि ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यास मला बर्फापर्यंत जावे लागले नाही. आमच्या बंडीच्या चाकापर्यंत जाणे पुरेसे झाले. मऊ भूमीवर भार कसा न्यावा, तो रुतू नये म्हणून काय करावे, आणि न रुतता तो हवा तिकडे वळवावा कसा, हा प्रश्न हिमप्रदेशातील लोकांना जितका जुना, तितकाच तो वैनगंगेच्या खोऱ्यातील लोकांनाही जुना आहे. आज त्याच प्रश्नाचा आमच्या मुलखातील इतिहास मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम थोडे गणित. साठ किलो वजनाचा मनुष्य दोन्ही पायांवर उभा राहिला, म्हणजे त्याच्या तळव्यांखाली सुमारे चारशे चौरस सेंटीमीटर भूमी येते. दर चौरस सेंटीमीटरवर भार पडतो दीडशे ग्रॅम. तोच मनुष्य १७० सेंटीमीटर लांब आणि ८ सेंटीमीटर रुंद अशा दोन पट्ट्या पायांना बांधून उभा राहिला, तर तोच भार २७०० चौरस सेंटीमीटरांवर वाटला जातो, आणि दाब सातव्या हिश्श्यावर येतो. मनुष्य तोच, वजन तेच. परंतु पहिला मांडीपर्यंत बर्फात जातो आणि दुसरा वरून घसरत निघून जातो. ही युक्ती नवी नव्हे. रशियाच्या उत्तर भागातील एका दलदलीत सापडलेले स्कीचे तुकडे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे आहेत.

मात्र रुंदी वाढवीत गेले म्हणजे काम झाले, असेही नाही. तरंगणारी वस्तू वळावयास नाखूश असते. म्हणून बर्फावरच्या गाडीच्या पट्टीखाली मधोमध एक उभा कणा ठेवतात आणि त्याला पोलादी धार बसवितात. ती धार बर्फात घुसते व सुकाणू फिरविताच गाडी वळते. कणा फार खोल असला तर तो गाडीला मागे ओढतो, फार उथळ असला तर गाडी वळणावर सरळच निघून जाते. ताज्या, खोल, भुसभुशीत बर्फात पसरट पट्टी बरी. दाबून कठीण झालेल्या वाटेवर अरुंद पट्टी आणि तीक्ष्ण धार बरी. तरंगणे आणि वळणे ह्या दोहोंचा मेळ भूमी पाहून घालावयाचा असतो.

ह्या यंत्रामागे एक दुःखाची कथा आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात वालकूर नावाच्या गावी जोसेफ आर्मां बोंबार्दिए नावाचा एक यंत्रकारागीर राहत असे. हिवाळ्यात तेथील रस्ते महिनोन्महिने बर्फाखाली बुजून जात. १९३४ च्या जानेवारीत त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला आंत्रपुच्छाचा विकार झाला. रस्ते बंद, बर्फावर चालणारी गाडी अपुरी. मुलाला रुग्णालयात नेता आले नाही आणि ते गेले. त्यानंतर ह्या गृहस्थाने आपले प्रयोग तडीस नेले, १९३७ साली आपल्या पट्ट्याच्या रचनेचे स्वामित्वहक्क मिळविले, आणि १९५९ साली एकदोन माणसांची ती लहान गाडी बाजारात आणली, जिचे वंशज माझ्या नातवंडांनी गुलमर्गला पाहिले. ही कथा मी मुद्दाम सांगितली. रस्ता बुजला म्हणजे काय होते, हे आमच्या मुलखाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता आपल्या भूमीकडे वळू. जुन्या चांदा जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांचे, भूमीच्या दृष्टीने दोन भाग पडतात. पश्चिमेकडे वर्धा नदीच्या बाजूस वरोरा, भद्रावती, राजुरा ह्या भागांत काळी कन्हार जमीन. उन्हाळ्यात हिला हातभर भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती लोण्यासारखी होते. पूर्वेकडे धानाचा मुलूख, ज्याला आम्ही झाडीपट्टी म्हणतो. तेथे मोरंड जमिनीच्या बांधलेल्या बांध्या, तलाव, आणि त्यापलीकडे अरण्य. दक्षिणेस वैनगंगा आणि वर्धा एकत्र होऊन प्राणहिता होते, आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. ह्या नद्यांचे पात्र पावसाळ्यात समुद्रासारखे, आणि उन्हाळ्यात कोसभर वाळू व मधून एक चिंचोळी धार. सारांश, येथील प्रवाशाला चिखल, वाळू आणि उथळ पाणी अशा तीन मऊ वस्तूंशी गाठ घालावी लागे, आणि तिघींचा स्वभाव वेगळा.

पाण्याचा उपाय सर्वांत जुना, तो म्हणजे डोंगा. एकाच खोडातून कोरून काढलेली ही लांबट होडी ढिवर लोक बांबूच्या रेट्याने चालवितात. डोंगा अरुंद असतो म्हणून प्रवाहात सरळ धावतो आणि चटकन वळतो. परंतु तो तितकाच डळमळीतही असतो. म्हणून जड माल किंवा जनावर पार करावयाचे झाल्यास दोन डोंगे शेजारी बांधून वर फळ्या टाकीत. बांधलेली जोडी डुलत नाही, पण वळवितांना नावाड्याच्या नाकी नऊ येतात. पाहा, येथेही तोच तिढा. स्थैर्य वाढले की चपळाई गेली.

ह्याच उथळ पाण्याशी एकदा एका साम्राज्याने झुंज घेतली. ती हकीकत आमच्या जिल्ह्याच्या इतिहासातील फार बोधप्रद हकीकत आहे. गोदावरीवर धवलेश्वर येथे १८५२ साली मोठे धरण पुरे करणारे सर आर्थर कॉटन ह्यांच्या मनात असे होते की, नागपूर-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल न नेता वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी ह्या मार्गाने जहाजांतून थेट पूर्व समुद्राला न्यावा. त्यापूर्वी हा कापूस वंजाऱ्यांचे तांडे बैलांवर लादून मिर्झापुराकडे नेत. १८६० च्या तहाने निजामाकडून गोदावरीच्या डाव्या काठचा मुलूख इंग्रजांकडे आला आणि नदीवरील वाहतूक जकातीतून मुक्त झाली. सिरोंचा हे अप्पर गोदावरी नावाच्या नव्या जिल्ह्याचे ठाणे झाले. १८६१ साली मध्यप्रांत अस्तित्वात आला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. मग तर ह्या योजनेला जणू पंख फुटले. मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल ह्यांनी तिचा मोठा पुरस्कार केला.

अडचण एवढीच होती की, नदीत तीन ठिकाणी खडकांचे मोठे अडसर होते. पहिला दुम्मागुडेमचा, दुसरा इंचमपल्लीचा, आणि तिसरा प्राणहितेवर अहेरीच्या परिसरात देवलमरीचा. अडसरांना बगल देण्यासाठी बंधारे, कालवे आणि पाण्याची कुलुपे बांधण्याचे ठरले. दुम्मागुडेमला त्यांपैकी बरेच काम झाले. अडसरांच्या मधल्या पात्रांत चालविण्यासाठी सपाट तळाच्या, पाण्यात थोडक्याच बुडणाऱ्या आगबोटी हव्या होत्या. उथळ पाण्यात पंखा खाली लावता येत नाही, तो तळाशी आपटतो. म्हणून अशा बोटींना बाजूला किंवा मागे मोठे वल्ह्यांचे चाक लावीत. सपाट तळ म्हणजे बर्फावरची रुंद पट्टीच होय. तो थोड्या पाण्यात तरतो खरा, पण खाली कणा नसल्यामुळे आडव्या प्रवाहाने वाहवत जातो; आणि खडकाळ, वळणावळणाच्या नदीत वाहवत जाणे म्हणजे फुटणे.

अखेर ऋतूने ह्या योजनेचा पराभव केला. पुरात प्रवाह अनावर, आणि पूर ओसरताच काही महिन्यांत पाणी इतके उतरे की सपाट तळाची बोटही वाळूवर बसे. तशात १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले, आणि १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली. कापसाने पूर्वेऐवजी पश्चिमेची वाट धरली. १८७१ साली गोदावरीवरील नौकानयनाची कामे सोडून देण्यात आली. लाखो रुपये आणि कित्येक मजुरांचे श्रम नदीकाठी राहिले. सिरोंच्याचा स्वतंत्र जिल्हाही पुढे मोडला व तो भाग चांद्यात सामील झाला. मोठमोठ्या अभियंत्यांची विद्या खोटी नव्हती. परंतु वर्षातील काही महिन्यांच्या नदीला त्यांनी बारा महिन्यांची वाट मानले, ही चूक विद्येने भरून निघाली नाही. तोच ढिवर मात्र आपला डोंगा घेऊन नंतरही शंभर वर्षे त्याच पाण्यावर राहिला, कारण पाणी उतरले तर तो डोंगा वाळूवर ओढून ठेवी आणि वाट पाही.

आगगाडीने सर्व प्रश्न सुटले, असे समजू नये. वरोऱ्याच्या कोळशासाठी १८७० नंतरच्या दशकात रूळ आले, आणि पुढे गोंदिया-नागभीडच्या अरुंद रुळांनी चांदा पूर्वेच्या बाजूनेही जोडला गेला. तथापि रूळ स्टेशनापर्यंत. स्टेशनापासून खेड्यापर्यंत बंडीच.

ह्या बंडीच्या चाकाचा विचार आता करू. आरे, तुंबा आणि पुठ्ठे लाकडाचे, आणि बाहेरून तापवून चढविलेली लोखंडी धाव. ही धाव जेमतेम पाच सेंटीमीटर रुंद. बंडी व माल मिळून दहा क्विंटल भार धरला, आणि प्रत्येक धाव जमिनीला बारा सेंटीमीटर लांबीत टेकते असे मानले, तर दर चौरस सेंटीमीटरवर आठ किलोंहून अधिक दाब पडतो; म्हणजे उभ्या माणसाच्या तळव्याच्या पन्नास पटींहून जास्त! अशा चाकाने कन्हार जमीन सुरीने लोणी कापावे तशी कापली जाते. म्हणूनच जुन्या काळी आमच्याकडे आषाढापासून आश्विनापर्यंत बंडी गोठ्यात उभी राही आणि खेडी आपापल्या जागी कोंडून पडत.

मग आमच्या सुतारांना एवढेही कळत नव्हते काय? माझे असे मत आहे की, त्यांना पुरते कळत होते. अरुंद धावेचे दोन गुण आहेत. एक म्हणजे वरचा चिखल पातळ असून खाली मुरूम असला, तर अरुंद चाक चिखल कापून मुरमापर्यंत जाते व तेथे त्याला आधार मिळतो. रुंद चाक मात्र वरच्या वर घसरत राहते. दुसरा गुण, चाकोरी. एकदा पडलेल्या चाकोरीत अरुंद चाक आपोआप वाट धरते आणि गाडीवानाला डुलकी घेता येते. परंतु जेथे चिखलाला तळच नाही, तेथे हे दोन्ही गुण वैरी होतात. दाबलेल्या बर्फाला अरुंद पट्टी आणि खोल बर्फाला रुंद पट्टी, हाच न्याय येथेही लागू पडतो.

जनावरांच्या खुरांतही निसर्गाने हाच हिशेब मांडून ठेवला आहे. धानाच्या बांधीत चिखलणीला झाडीपट्टीचा शेतकरी बैलापेक्षा हेला पसंत करतो, कारण हेल्याचा खूर मोठा व पसरणारा असतो. त्याहून नवलाची गोष्ट हत्तीची. साडेतीनशे किलोंच्या बैलाचे चार खूर मिळून पावणेतीनशे चौरस सेंटीमीटर धरले, तर दाब सव्वा किलो येतो. साडेतीन टनांच्या हत्तीचा एकेक पाय चाळीस सेंटीमीटर व्यासाचा. चारही पायांवर मिळून दाब सुमारे सातशे ग्रॅम! हत्ती बैलाहून हलके पाऊल टाकतो, असे म्हटले तर हसू नये. शिवाय भार पडताच त्याचा पाय पसरतो आणि उचलताच आकसतो. म्हणून तो चिखलातून सहज निघतो. आलापल्ली आणि सिरोंच्याच्या अरण्यांत सागाचे ओंडके ओढावयास वनखात्याने हत्ती ठेवले, त्याचे कारण केवळ त्यांचे बळ नव्हे. कमलापूरचा हत्तीकँप ही त्या काळाची खूण होय.

माणसाने ह्या हत्तीच्या पायाची नक्कल केली ती रबरी चाकात. जॉन बॉइड डनलॉप ह्यांनी १८८८ साली हवेच्या चाकाचे स्वामित्वहक्क मिळविले, आणि विसाव्या शतकात ते चाक बैलगाडीलाही लागले. लोक अशा गाडीला 'डनलॉप'च म्हणू लागले. धाव जेथे पाच सेंटीमीटर, तेथे हे चाक सोळा सेंटीमीटर रुंद टेकते, आणि वीस सेंटीमीटर लांबीत टेकते. आठ किलोंचा दाब दीड किलोवर येतो. तेच बैल अधिक माल ओढू लागले आणि रस्तेही कापले जाईनात.

आता मी माझ्या आठवणीतील एक प्रसंग सांगतो. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील गोष्ट. आरमोरी आणि कुरखेडा ह्यांच्या दरम्यानच्या एका खेड्यात मी शाळेवर होतो. श्रावणात एके दिवशी तिसरीतील एक मुलगा हिवतापाने फणफणला आणि दुपारी त्याला झटके येऊ लागले. दवाखाना दोन कोसांवर, पक्क्या सडकेच्या काठी. आम्ही बंडी जुंपली, तिच्यावर खाट टाकली आणि निघालो. पाव कोस गेलो असू नसू, तोच बंडी आसापर्यंत रुतली. बैलांना मारले, चाकाला खांदे लावले. जितका जोर लावावा तितके चाक खोल जाई. मुलाची आई काही बोलत नव्हती. ती फक्त त्याच्या तोंडावरचा पाऊस पदराने पुशीत होती.

तेवढ्यात शेजारच्या बांधीत हेल्यांच्या मागे फळी फिरवीत असलेला एक म्हातारा शेतकरी धावत आला. रोवणीपूर्वी चिखल सारखा करावयाची ती जाड, लांब, पुढून किंचित वर तासलेली फळी. तो मला म्हणाला, "गुरुजी, चाक राहू द्या इथंच. बांधीतून फळी जाते, मग पोरगा का नाही जाणार?" आम्ही फळीवर गवत टाकले, वर घोंगडी टाकली, मुलाला दोरीने अलगद बांधले. म्हाताऱ्याने सडक सोडून हेले सरळ बांध्यांतून काढले. जेथे चाक हातभर बुडत होते, तेथून ती फळी पाण्यावरून होडी जावी तशी निघाली. बांध आला की आम्ही चौघे ती उचलून पलीकडे ठेवीत असू. वळण घ्यावयाचे झाले की म्हातारा फळीच्या एका टोकावर पाय देई. ते टोक चिखलात रुते आणि फळी त्या बाजूला वळे. हा त्याचा कणा, हे त्याचे सुकाणू! दिवेलागणीच्या आत आम्ही दवाखान्यात पोचलो. मुलाला सुई मिळाली. मुलगा वाचला.

क्वेबेकच्या त्या कारागिराची कथा मी पुष्कळ वर्षांनी वाचली, तेव्हा मला ती फळी आठवली. दोघांपुढे एकच प्रश्न होता. एकाजवळ त्या दिवशी फळी नव्हती, दुसऱ्याजवळ होती. परंतु ह्यात समाधान मानून बसावे असे नाही. भामरागडला पर्लकोटेच्या पुराने वाट तुटल्याच्या आणि रुग्णाला खाटेवरून नेल्याच्या वार्ता त्यानंतरही कित्येक पावसाळ्यांत आपण वाचल्या. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, त्यामागे हेच होते की, रुग्ण जर दवाखान्यापर्यंत येऊ शकत नसेल, तर दवाखान्याने त्याच्यापर्यंत जावे. वाहन कितीही योग्य निवडले, तरी ते पुलाची आणि जवळच्या दवाखान्याची जागा घेऊ शकत नाही, एवढे विसरू नये.

तो मुलगा आता पन्नाशीच्या घरात आहे आणि ट्रॅक्टर चालवितो. चिखलणीच्या वेळी तो मागच्या चाकांना लोखंडी पिंजऱ्यासारखी रुंद चाके जोडतो, ज्यांना सगळे केजव्हील म्हणतात. त्यांच्या योगाने ट्रॅक्टर चिखलावर तरतो. काम आटोपून डांबरी सडकेवर येण्यापूर्वी तो ती न चुकता काढून ठेवतो, कारण कठीण भूमीवर तीच चाके सडकही फोडतात आणि ट्रॅक्टरही आवरू देत नाहीत. हे त्याला कोणत्याही पुस्तकाने शिकविले नाही.

माझ्या नातवाला मी हेच सांगितले. पट्टी रुंद असावी की अरुंद, ह्याचे उत्तर पट्टीत नसते. ते तिच्या खालच्या भूमीत असते. आधी भूमी किती खोल मऊ आहे ते पाहावे, मग भार किती ते पाहावे, मग वळावयाचे कोठे आहे ते पाहावे, आणि शेवटी वाहनाला हात घालावा. आमच्या ढिवरांनी, सुतारांनी आणि त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने हाच क्रम पाळला. गोदावरीवर आगबोटी आणू पाहणाऱ्यांनी तो उलटा धरला.